गेमच्या दुकानात सॉफ्टवेअरचं शेल्फ : स्टीमने काय मांडलं आणि त्यातलं काय खपलं

८ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या व्हॉल्व कंपनीने एक छोटंसं निवेदन काढलं. कॉम्प्युटर गेम विकणाऱ्या तिच्या स्टीम या ऑनलाइन दुकानात आता गेमखेरीज इतर सॉफ्टवेअरही मिळणार होतं. पहिला लॉट ५ सप्टेंबरला येईल असं सांगितलं होतं. तेव्हा स्टीमवर सुमारे ४ कोटी गेमर होते आणि त्यांनीच ही मागणी केली, असं कंपनीचं म्हणणं होतं. सहज स्थापना होईल, अपडेट आपोआप येतील, केलेलं काम क्लाउडवर साठवता येईल, अशी आश्वासनंही होती.

५ सप्टेंबर टळला. २ ऑक्टोबरला शेल्फ उघडलं तेव्हा त्यावर अर्धा डझन वस्तू होत्या. चित्रं काढायचं आर्टरेज, फोटोंवर संस्कार करायचं कॅमेराबॅग २, गेम बनवायचं गेममेकर : स्टुडिओ, कॉम्प्युटरची ताकद मोजणाऱ्या थ्रीडीमार्कच्या दोन आवृत्त्या, आणि व्हॉल्वचंच फुकट मिळणारं सोर्स फिल्ममेकर. यात हिशेबाचं, टायपिंगचं, ऑफिसच्या कामाचं काहीच नव्हतं. आज एक तपाहून अधिक काळ लोटला आहे, सॉफ्टवेअरच्या त्या विभागात शेकडो वस्तू आल्या आहेत, आणि तरीही हिशेबाचं-टायपिंगचं तिथे कुणी शोधत नाही. ऑफिसचं सॉफ्टवेअर या दुकानात का रुजलं नाही आणि त्रिमिती चित्रांचं ब्लेंडर, हलत्या वॉलपेपरचं वॉलपेपर इंजिन, ठिपक्याठिपक्यांच्या चित्रांचं (पिक्सेल आर्टचं) एसप्राइट का रुजली, हे समजून घेतलं की ऑनलाइन दुकानं कशी चालतात आणि आपण तिथे पैसे देतो म्हणजे नेमकं काय विकत घेतो, हे दोन्ही बऱ्यापैकी उलगडतं.

आधी स्टीम मुळात काय आहे ते पाहू. १२ सप्टेंबर २००३ रोजी ते सुरू झालं तेव्हा त्याचं काम अपडेट पोचवण्याचं होतं. व्हॉल्वचा काउंटर-स्ट्राइक हा गेम लोक इंटरनेटवरून एकमेकांशी खेळत. त्यात दुरुस्ती आली की प्रत्येकाने कुठल्यातरी वेबसाइटवरून पॅच उतरवायचा, हाताने टाकायचा; ज्याने टाकला नाही त्याची आवृत्ती जुनी, मग त्याला सर्व्हरवर प्रवेश नाही. ही कटकट संपवण्यासाठी हा प्रोग्राम बनला. नोव्हेंबर २००४ मध्ये हाफ-लाइफ २ आला आणि तो चालवायला स्टीम घेणं सक्तीचं झालं. लोक तेव्हा चिडले होते. दुसऱ्या कंपन्यांचे गेम २००५ पासून येऊ लागले आणि अपडेट पोचवणारं यंत्र दुकान झालं.

हे यंत्र चालतं कसं तेही पाहण्यासारखं आहे, कारण सॉफ्टवेअर विकण्याची कल्पना त्यातूनच सुचते. स्टीमवरच्या प्रत्येक वस्तूला एक क्रमांक असतो. मूळच्या काउंटर-स्ट्राइकचा १०, हाफ-लाइफ २ चा २२०, ब्लेंडरचा ३६५६७०. या क्रमांकाखाली फाइलींचे गठ्ठे असतात: विंडोजचा वेगळा, मॅकचा वेगळा, लिनक्सचा वेगळा. प्रत्येक गठ्ठ्याची एक यादी असते. तिच्यात कोणती फाइल कुठे आहे, ती कोणत्या तुकड्यांची बनली आहे आणि प्रत्येक तुकड्याची ओळखखूण काय, हे सगळं नोंदलेलं असतं. एक तुकडा साधारण १ एमबीचा. अपडेट आलं की तुमच्या कॉम्प्युटरवरची जुनी यादी आणि सर्व्हरवरची नवी यादी शेजारी ठेवली जाते आणि बदललेले तेवढेच तुकडे खाली उतरतात. शेकडो एमबीच्या प्रोग्राममध्ये थोडाच बदल झाला असेल तर सगळा प्रोग्राम पुन्हा ओढावा लागत नाही. मोबाइल डेटावर दिवस काढणाऱ्याला याची किंमत बरोबर कळते.

या यंत्राला आत गेम आहे की चित्रकलेचं साधन, हे माहीत नसतं. काट्याला पोत्यात ज्वारी आहे की हरभरा हे कुठे कळतं, त्याला वजन कळतं. त्यामुळे तांत्रिक बाजूने सॉफ्टवेअर विकायला व्हॉल्वला फारसं नवं काही बांधावं लागलं नाही. पैसे घेण्याची व्यवस्था होती, जगभर पसरलेले सर्व्हर होते, सवलतींचे सेल होते, क्लाउडची जागा होती. वापरणाऱ्यांनी स्वतः बनवलेल्या गोष्टी एकमेकांना देण्यासाठी २०११ मध्ये वर्कशॉप नावाची सोयही सुरू झाली होती. फक्त एक नवी पाटी लावायची होती.

मग ती २०१२ मध्येच का लावली? ग्राहकांची मागणी हे कारण खोटं नसेल, पण मला ते पुरेसं वाटत नाही. व्हॉल्वचे संस्थापक गेब न्यूवेल यांनी १३ वर्षं मायक्रोसॉफ्टमध्ये काढली होती आणि १९९६ मध्ये माइक हॅरिंग्टन यांच्याबरोबर व्हॉल्व सुरू केली होती. विंडोज त्यांना आतून ठाऊक होतं. जुलै २०१२ मध्ये सिएटलच्या एका परिषदेत त्यांनी विंडोज ८ म्हणजे पीसीच्या जगातल्या सगळ्यांवरचं संकट आहे, असं जाहीरपणे म्हटलं. चिंतेचं कारण सरळ होतं. विंडोज ८ मध्ये मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं दुकान येत होतं आणि नव्या धाटणीची ॲप सामान्य ग्राहकाला त्या दुकानातूनच मिळणार होती. विक्रीतले ३० टक्के मायक्रोसॉफ्टचे, आणि एखाद्या ॲपची विक्री २५ हजार डॉलरवर गेली की पुढे २० टक्के. ॲपलने मॅकसाठी असंच दुकान जानेवारी २०११ मध्ये उघडलं होतं. ज्या जमिनीवर आपलं दुकान उभं आहे त्या जमिनीचा मालकच शेजारी दुकान थाटत असेल तर हातपाय हलवावेच लागतात. व्हॉल्वने ते दोन बाजूंनी हलवले. इकडे सॉफ्टवेअरचा विभाग उघडला, तिकडे कुणा एका कंपनीच्या मालकीच्या नसलेल्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी स्टीम बनवायला घेतलं. त्याची चाचणी नोव्हेंबर २०१२ मध्ये सुरू झाली आणि पक्की आवृत्ती १४ फेब्रुवारी २०१३ ला आली. या दोन्ही हालचाली मी एकाच बचावाचा भाग मानतो.

मायक्रोसॉफ्टचं ते दुकान पुढे फारसं चाललं नाही. भीतीचं मूळ कारण विरळ झालं. पण शेल्फ तसंच राहिलं.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. मायक्रोसॉफ्ट ऑफिस, फोटोशॉप, हिशेबाचं सॉफ्टवेअर स्टीमवर का आलं नाही?

पहिलं कारण म्हणजे नेमक्या त्याच महिन्यांत मोठ्या कंपन्यांनी धंद्याची रीत बदलली. डबा विकत घ्या आणि कायमचा वापरा, ही पद्धत त्या मोडीत काढत होत्या. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१३ मध्ये घरगुती ग्राहकांसाठी ऑफिसचं वार्षिक वर्गणीचं पॅकेज आणलं. अडोबीने मे २०१३ मध्ये जाहीर केलं की फोटोशॉप वगैरे असलेल्या क्रिएटिव्ह सूट या संचाच्या नव्या आवृत्त्या आता निघणार नाहीत, यापुढे वर्गणी. वर्गणीच्या धंद्यात ग्राहकाचा ईमेल, कार्ड आणि वापराची माहिती स्वतःच्या हातात ठेवणं हाच सगळा खेळ असतो. ते सगळं तिसऱ्याच्या दुकानात सोडून वर विक्रीतले ३० टक्के व्हॉल्वला द्यायला कुठली मोठी कंपनी तयार होईल? व्हॉल्व त्यांना जे देऊ करत होती, म्हणजे सर्व्हर, पैसे घेण्याची सोय, अपडेट, ते त्यांच्याकडे आधीच होतं.

दुसरं कारण ऑफिसच्या खरेदीचं. कंपनीला परवाने एकगठ्ठा लागतात, तिच्या नावाचं बिल लागतं, आणि एखादा कर्मचारी सोडून गेला तर त्याचा परवाना दुसऱ्याला देता यायला हवा. स्टीमचं खातं एका माणसाचं असतं आणि ते दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. शिवाय स्टीमच्या करारातच लिहिलेलं आहे की इथलं साहित्य वैयक्तिक, बिगरव्यावसायिक वापरासाठी आहे. एखाद्या वस्तूच्या स्वतःच्या अटींत व्यावसायिक वापराला स्पष्ट परवानगी असेल तर गोष्ट वेगळी. आणि समजा हे सगळं जमलं, तरी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर गेमचं दुकान टाकायला कुठला सिस्टिम ॲडमिन हो म्हणेल?

तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. दुकानात गर्दी कुणाची आहे यावर तिथे काय खपेल हे ठरतं. टॅली शोधणारा अकाउंटंट स्टीमवर येत नाही. आलाच तर तो रात्री जेवण झाल्यावर गेम खेळायला येतो, आणि त्या वेळी त्याच्या डोक्यात जीएसटीचं विवरणपत्र नसतं. दुकानदाराने शेल्फ वाढवलं म्हणून त्याच गिऱ्हाइकाच्या गरजा वाढत नाहीत. याचा आणखी सणसणीत पुरावा व्हॉल्वलाच पुढे मिळाला. २०१६ मध्ये त्यांनी लायन्सगेट या हॉलिवूडच्या स्टुडिओचे शंभरहून अधिक चित्रपट स्टीमवर आणले. लोक चित्रपट पाहत होते, पण त्यासाठी स्टीमवर येत नव्हते. फेब्रुवारी २०१९ मध्ये चित्रपटांचा तो विभाग गुंडाळायला घेतला.

सॉफ्टवेअरचा विभाग मात्र टिकला, कारण त्याने हळूहळू आपली जागा ओळखली. गेमरला ज्याची गरज पडते आणि गेम बनवणाऱ्याला ज्याची गरज पडते, तेवढंच तिथे वाढलं.

पहिल्या प्रकारचा सगळ्यांत ठळक नमुना म्हणजे वॉलपेपर इंजिन. २०१६ मध्ये आलेलं हे छोटं, स्वस्त साधन डेस्कटॉपवर हलणारी चित्रं लावतं. खिडकीवर ओघळणारा पाऊस, संगीताच्या ठेक्यावर नाचणाऱ्या रेषा, असलं काही. एवढ्याशा गोष्टीला कुणी पैसे कशाला देईल, असं वाटेल. पण स्टीमवर एका वेळी सर्वाधिक लोक काय चालवत आहेत याची यादी पाहिली तर मोठमोठ्या गेमच्या मांडीला मांडी लावून हे नाव दिसतं. त्यामागे वर्कशॉप आहे. वापरणारे स्वतः वॉलपेपर बनवतात आणि तिथे ठेवतात. लाखो नमुने जमले आहेत, चीनमधल्या वापरणाऱ्यांचा त्यात मोठा वाटा आहे. साधन विकणाऱ्याने एक इंजिन दिलं, माल लोकांनी भरला. हेच वॉलपेपर इंजिन एखाद्या एकाकी वेबसाइटवर असतं तर ही गर्दी जमणं फार अवघड होतं.

या गटात आणखीही बरंच आहे. आवाज बदलणारी, जुन्या गेमची खिडकी मोठी करणारी, व्हीआर हेडसेटमधून डेस्कटॉप दाखवणारी साधनं. त्यांच्यावर थांबत नाही.

दुसरा गट माझ्या जास्त जिव्हाळ्याचा आहे: बनवणाऱ्यांची साधनं. गेम खेळणाऱ्या मुलांपैकी काहींना एका टप्प्यावर वाटू लागतं की आपणही बनवून पाहावं. ही इच्छा त्यांच्या मनात येते तेव्हा ती स्टीमवरच बसलेली असतात. शेजारच्या शेल्फवर आरपीजी मेकर आहे, गेममेकर आहे, मोफत गोडो इंजिन आहे. चित्रांसाठी क्रिटा, पिक्सेल आर्टसाठी एसप्राइट, त्रिमितीसाठी ब्लेंडर. यांतल्या साधनांनी बनवलेला गेम विकायला पुन्हा त्याच दुकानात यायचं. २०१५ चा अंडरटेल हा गेम गेममेकरमध्ये बनला आणि स्टीमवर गाजला. आता १०० डॉलर भरून कुणीही आपला गेम किंवा सॉफ्टवेअर तिथे ठेवू शकतो. २०१७ पासूनची ही पद्धत आहे आणि विक्री १ हजार डॉलरपर्यंत पोचली की ते १०० डॉलर परत मिळतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी हा गेम २०२० मध्ये याच दुकानात लागला. आपल्याकडच्या स्टुडिओंना परदेशी गिऱ्हाइकापर्यंत जायला आता मधे वितरक शोधत बसावं लागत नाही, ही साधी गोष्ट नाही.

इथेच एक गंमतशीर वाटणारी पण अर्थपूर्ण गोष्ट आहे. क्रिटा हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याच्या स्वतःच्या वेबसाइटवरून ते कुणालाही फुकट मिळतं. तेच क्रिटा स्टीमवर पैसे देऊन मिळतं आणि लोक ते विकत घेतात. फसवणूक अजिबात नाही, सगळं उघड सांगितलेलं आहे. स्टीमवरून घेतलं की अपडेट आपोआप येतात आणि आलेला पैसा क्रिटाच्या विकासावर खर्च होतो. देणगीचं पान उघडून कार्ड नंबर टाकायचा कंटाळा करणारा माणूस दुकानात सहज पैसे देतो; मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना हे उशिरा का होईना उमगलं. एसप्राइटची रीत आणखी वेगळी. त्याचा सोर्स कोड सगळ्यांना पाहायला खुला आहे, आणि स्वतः कंपाइल करून, म्हणजे त्या कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवून, घेता येत असेल तर वैयक्तिक वापरासाठी पैसे पडत नाहीत. तयार प्रोग्राम हवा असेल तर १९.९९ डॉलर. कंपाइल करण्यात दोन दिवस डोकं घालवण्यापेक्षा बहुतेक जण पैसे देतात, आणि एका अतिशय छोट्या चमूचं घर त्यावर चालतं.

व्हॉल्वचे ३० टक्के अशा चमूंना मात्र परवडतात. पैसे गोळा करणं, देशोदेशीचे कर, चलनं, डाउनलोडचा भार, परतावे या सगळ्याचं ओझं त्यात उतरतं. २०१८ च्या अखेरीस व्हॉल्वने १ कोटी डॉलरच्या पुढच्या विक्रीवर २५ टक्के आणि ५ कोटींच्या पुढे २० टक्के असा टप्पा आणला. त्याचा फायदा बड्यांनाच झाला. लहानांना आहे तेच ३० टक्के. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एपिक या गेम कंपनीने १२ टक्क्यांवर आपलं दुकान उघडलं, आणि इच डॉट आयओ नावाच्या दुकानात तर दुकानाला किती टक्के द्यायचे हे विकणाराच ठरवतो. एसप्राइटसारखी साधनं तिथेही मिळतात. मला विचाराल तर लहान साधनं बनवणाऱ्यांसाठी व्हॉल्वने उलटा टप्पा ठेवायला हवा होता, पहिल्या काही हजार डॉलरवर कमी कमिशनचा.

वापरणाऱ्याच्या बाजूने आत काय दिसतं ते जवळून सांगतो. स्टीमच्या लायब्ररीत डाव्या यादीच्या डोक्यावर एक गाळणी आहे, तिथे गेम, सॉफ्टवेअर, टूल्स असे प्रकार निवडता येतात. सॉफ्टवेअर निवडलं आणि ब्लेंडर उघडलं की गेमसारखेच त्याचेही तास मोजले जातात. तुमच्या मित्रांना तुम्ही ब्लेंडर चालवताय हे दिसतं. नको असेल तर एखादी वस्तू खाजगी ठेवता येते. ब्लेंडरच्या नावावर उजवं क्लिक करून गुणधर्मांत गेलात तर बीटाज असा एक कप्पा आहे. नावावरून वाटतं तिथे कच्च्या, अर्धवट आवृत्त्या असतील. प्रत्यक्षात त्या यादीत ब्लेंडरच्या दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या जुन्या आवृत्त्या मिळतात. ज्याचं ॲनिमेशन अर्ध्यावर आहे त्याने हे आवर्जून करावं. स्टीम अपडेट आपोआप टाकतं, मोठी आवृत्ती बदलली की जुने ॲड-ऑन, म्हणजे वरून जोडलेली छोटी साधनं, बंद पडू शकतात, आणि मुदतीच्या आदल्या रात्री ते कळलं तर हातात काही उरत नाही. प्रकल्प सुरू करतानाच एक आवृत्ती निवडून ठेवायची, तो संपेपर्यंत बदलायची नाही.

गेमसाठी आखलेले नियम सॉफ्टवेअरला लावले की कुठे कुठे ओढाताण होते, याचं चांगलं उदाहरण परताव्याचं आहे. जून २०१५ पासून स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी वापर असेल तर पैसे परत मिळतात. गेमला हे ठीक आहे, २ तासांत मजा येतेय की नाही ते कळतं. चित्रकलेचं साधन २ तासांत कळत नाही. ब्रश बसवण्यातच एक तास जातो. प्रोग्राम नुसता उघडा राहिला, तुम्ही जेवायला गेलात, तरी घड्याळ चालूच. उलट, एकदाच वापरायचं छोटं साधन असेल तर २ तासांत काम उरकून पैसे परत मागणाराही निघतो, आणि तो फटका बनवणाऱ्याला बसतो. म्हणून पैसे द्यायच्या आधी त्या सॉफ्टवेअरची चाचणी आवृत्ती कंपनीच्या वेबसाइटवर आहे का ते बघावं. बऱ्याचदा असते.

आता मालकीचा प्रश्न. स्टीमवर पैसे देऊन आपण वापरण्याचा परवाना घेतो. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने डिजिटल दुकानांना हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगणं भाग पाडलं. त्याच्या आधीच, ऑक्टोबर २०२४ पासून, स्टीमच्या खरेदीच्या पानावर तशी ओळ दिसू लागली.

ही ओळ वाचून बरेच जण दचकले, पण वाद त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होता, आणि तो नेमका गेम आणि सॉफ्टवेअर यांच्यातल्या रेषेवर येऊन अडला. ३ जुलै २०१२ रोजी, व्हॉल्वच्या निवेदनाच्या महिनाभर आधी, युरोपीय न्यायालयाने यूजडसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल या खटल्यात निकाल दिला. इंटरनेटवरून उतरवलेलं सॉफ्टवेअर कायमच्या परवान्याने विकलं असेल तर पहिला ग्राहक ते पुढे विकू शकतो, असा तो निकाल. पुस्तक वाचून झालं की आपण रद्दीत किंवा मित्राला विकतो तसा हक्क डिजिटल प्रतीलाही मिळाला. मग फ्रान्समधल्या एका ग्राहक संघटनेने व्हॉल्ववर दावा लावला: स्टीमवरचे गेमही पुढे विकता आले पाहिजेत. सप्टेंबर २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने संघटनेच्या बाजूने कौल दिला. ऑक्टोबर २०२२ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. त्याचं म्हणणं असं की गेम म्हणजे निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्राम नव्हे, त्यात चित्रं, संगीत, कथा असं सगळं मिसळलेलं आहे, म्हणून त्याला सॉफ्टवेअरचा कायदा लागू न होता सर्वसाधारण कॉपीराइटचा लागू होतो, आणि त्यात डिजिटल प्रत पुढे विकण्याचा हक्क नाही.

या निकालाच्या तर्काने गेलं तर युरोपात एकाच दुकानाच्या एकाच खात्यात दोन जातीच्या वस्तू पडून आहेत. गेम पुढे विकण्याचा हक्क नाही. एसप्राइटसारख्या निव्वळ सॉफ्टवेअरबद्दल मात्र यूजडसॉफ्टचा निकाल आधाराला घेता येईल. प्रत्यक्षात स्टीमवर पुढे विकण्याचं बटणच नाही, त्यामुळे कागदावरचा हक्क वापरायला जागा नाही. ग्राहकाच्या बाजूने पाहणाऱ्या कुणालाही हे टोचायला हवं. मला ते टोचतं.

आपल्याकडचा भाग वेगळ्या कारणाने महत्त्वाचा आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये स्टीमवर रुपयांत किमती दिसू लागल्या. त्याआधी डॉलरमध्ये खरेदी, आंतरराष्ट्रीय व्यवहार चालणारं कार्ड, आणि बँकेने वर लावलेलं शुल्क. आता नेट बँकिंग, यूपीआय चालतं. रुपयातली किंमत बनवणारा ठरवतो. व्हॉल्व त्याला देशोदेशीचा सुचवलेला दर देते आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ते तक्ते नव्याने आखले गेले. बरेच जण त्यामुळे इथली किंमत डॉलरच्या सरळ हिशेबापेक्षा कमी ठेवतात. आपल्याकडे डीटीपीच्या दुकानांपासून ॲनिमेशनच्या क्लासेसपर्यंत क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं रुळलेलं आहे. परवाना महिन्याच्या पगाराएवढा असेल तर दुसरं होणार काय? उन्हाळ्याच्या सेलमध्ये जळगावच्या किंवा सावंतवाडीच्या एखाद्या मुलाला चित्रकलेचं अधिकृत साधन परवडत असेल, तर मला त्याचं अप्रूप वाटतं. व्हायरसची भीती नाही, अपडेट मिळतात, आणि उद्या कुणी परदेशी गिऱ्हाइकाने परवान्याबद्दल विचारलं तर मान खाली घालावी लागत नाही.

सब्स्टन्स पेंटरचं उदाहरण इथे सांगायलाच हवं. त्रिमिती वस्तूंवर रंग-पोत चढवायचं हे साधन मूळ एका फ्रेंच कंपनीचं. जानेवारी २०१९ मध्ये अडोबीने ती कंपनी घेतली आणि स्वतःच्या वेबसाइटवर हे साधन वर्गणीत टाकलं. स्टीमवर मात्र ते एकदाच पैसे देऊन कायमचं मिळत राहिलं. त्या वर्षाची आवृत्ती, त्या वर्षातले अपडेट, पुढच्या वर्षी नवी आवृत्ती हवी तर पुन्हा पैसे. ज्याला दरवर्षी नवं काही नको असतं, त्याला हा सौदा वर्गणीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. २०१३ मध्ये जी पद्धत अडोबीने मोडीत काढली, ती तिच्याच एका वस्तूपुरती गेमच्या दुकानात जिवंत राहिली.

असं काही घ्यायचं ठरवलंत तर विक्रीच्या पानावर खाली उतरून दोन-तीन गोष्टी वाचाव्यात. नावात वर्ष लिहिलेलं आहे का. असेल तर पुढच्या वर्षीचे अपडेट त्यात धरू नयेत. कंपनीचं वेगळं खातं उघडावं लागतं का, म्हणजे दोन ठिकाणी लॉगिन. त्यातून कमाई करणार असाल तर त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या परवान्यात व्यावसायिक वापर चालतो असं लिहिलंय का. आणि स्टीम बंद असताना ते चालतं का. हे वस्तूगणिक बदलतं, कारण स्टीमशिवाय न चालण्याचं कुलूप लावायचं की नाही हे बनवणाऱ्यावर सोडलेलं आहे. ब्लेंडरला असं कुलूप नाही. स्टीमच्या फोल्डरमध्ये जाऊन त्याचा प्रोग्राम थेट उघडा, स्टीम न लावता चालतो. सगळा फोल्डर उचलून पेन ड्राइव्हवर टाका, दुसऱ्या कॉम्प्युटरवरही चालतो.